पाणी कुठवर आलंय

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात बसते,
कॉलेज रोडला, पहिल्या मजल्यावर,
आणि हसते.
कामच ते.
दाढ ठणकतेय म्हणून शिव्या घालत आलेल्याला
"बसा ना काका, आत्ता बोलावतीलच"
इतकं गोड म्हणते
की माझंच मला साखरेसारखं लागतं, किडल्या जागी.

रात्री सिडकोत, तिसऱ्या माळ्यावर,
साडेनऊला 'आनंदी लॉन्स'.
तुम्ही पाहत नसाल तर सांगते :
तीन भागीदार, एक मंगल कार्यालय.
मध्या टूथपिकचे वेगळे पैसे लावतो.
शालन नवरीच्या हातातली पाकिटं
"दे गं, सांभाळते" म्हणून घेते
आणि परत देताना ती हलकी झालेली असतात.
दिगू प्रत्येक पाठवणीला हमसून रडतो,
खरंखुरं रडतो,
आणि डोळे पुसत तेच हार
संध्याकाळच्या मुहूर्ताला विकतो.
एकशे बारा भाग झाले.
कोणी सुधारलं नाही.
कोणाचं बालपण वाईट गेलं नव्हतं.
शेवटी बासरी वाजत नाही.

जाऊबाई विचारतात, असली माणसं बघवतात कशी तुला?
एखादं तरी चांगलं नको का?
चांगलं माणूस मी असतेच की,
दहा ते सात, रविवार सोडून.

गोदेला पूर आला की आम्ही क्युसेक विचारत नाही.
विचारतो, दुतोंड्याच्या कुठवर आलं?
गुडघा, म्हणजे काही नाही.
कंबर, म्हणजे दुकानदार माल वर हलवायला लागले.
छाती, म्हणजे पोराबाळांना घेऊन
पुलावर जायचं, भाजलेलं कणीस खात.
तो उभाच असतो,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
सगळ्या गावाचं गढूळ अंगावर घेत.
आपण कोरडे. वरून मोजत.

शालनला मी तशी बघते.

चारू माझी सख्खी बहीण, जेल रोडला असते.
आईच्या दोन पाटल्या होत्या.
एकेक घ्यायची, एवढं सोपं.
ती म्हणाली, शेवटची दोन वर्षं मी केलं.
मी म्हणाले, बिलं कोणी भरली?
(निम्मी. तीही नवऱ्याने.)
मग मी म्हणाले, मोडल्या गं पाटल्या,
औषधांना लागल्या.

रव्याच्या डब्यात आहेत.

चौदा महिने बोलणं नाही.
आणि गेल्या गुरुवारी शालनने
सासूच्या बांगड्या ओट्यावर तोलल्या,
पिठाच्या काट्यावर.
समोर नणंद रडतेय.
शालन मान वर न करता म्हणाली,
"रड, पण जरा लांबून. काटा हलतो."

मला हसून हसून ठसका लागला.
पाण्याला उठले तर फोन वाजला.
चारू.
"काटा हलतो," एवढंच म्हणाली,
आणि पुढे नुसतं हसू,
आईसारखं, नाकातून.
साबणाची जाहिरात गेली, पंख्याची गेली,
आम्ही हसतोच आहोत.
मग ती म्हणाली, "अगदी तू."
मी म्हणाले, "मी कशाला, तूच."
थोडा वेळ दोन्हीकडे एकच जाहिरात ऐकू येत राहिली.
"बरं, लागलं," ती म्हणाली, आणि ठेवला.

माफी कोणी मागितली नाही.
सांगावंसं वाटलं होतं? वाटलं होतं.
कंबरेपर्यंत आलं आणि ओसरलं.
शिऱ्याला रवा काढताना
हाताला लागतात त्या. गार असतात.

आता प्रोमोत दाखवतायत :
देवापुढे समई, शालन हात जोडून,
डोळ्यांत पाणी. "चुकलं माझं."
दिवसातून चारदा दाखवतायत.

मला धडकी भरलीय.
ती सुधारली
तर चारू फोन कशावरून करेल?